शिळा समुद्र

रविवारी सकाळी सात वाजता प्रेमराज सरांनी फ्रिजवर एक कागद चिकटवला. त्यावर सतरा कलमं होती. पहिलं ‘प्रवाळं टबमध्ये काढणे’, दुसरं ‘मासे बादलीत घेणे’, आणि असंच पुढे. जळगावच्या एका शाळेत एकवीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला घरातला समुद्र जुन्या टाकीतून नव्या टाकीत न्यायचा असेल, तर तो असाच नेणार.

आता जळगावात समुद्र कुठला, असं कुणालाही वाटेल. पण सरांच्या हॉलमध्ये तो होता. तीन फुटांच्या काचेच्या टाकीत खारं पाणी, त्यात दगड आणि दगडांवर प्रवाळं. त्यातलं एक जांभळ्या टोकांचं हिरवं प्रवाळ सरांनी पुण्याहून आणलं, तेव्हा रुपयाच्या नाण्याएवढं होतं. सात वर्षांत ते जेवणाच्या ताटाएवढं झालं. शेजारी एक समुद्रफूल होतं आणि त्याच्या लांब लांब बोटांत दोन नारंगी मासे दिवसभर लोळत असायचे. बाहेर मे महिन्याचं ऊन डांबर वितळवतंय आणि आत हे फुलतंय, हे बघून सर रोज संध्याकाळी थक्क होत. त्यांचं दुःख एवढंच की घरात दुसरं कुणीच थक्क होत नव्हतं. त्यांच्या पत्नी दिपमालाताई टाकीची काच रोज पुसत, पण बाहेरून. आणि पंधरा दिवसांपूर्वी दुष्काळी शिंदखेड्याहून आलेल्या सरांच्या आई, ताईबाई, टाकीकडे पाहून पहिल्या दिवशी एवढंच म्हणाल्या होत्या, “हाई काय खातस, तेबी इकतच आनस का?”

प्रवाळं वाढली, टाकी पुरेना, म्हणून पाच फुटांची नवी टाकी आली. तिच्यासाठी सरांनी मागच्या ओट्यावर दोन निळे ड्रम ठेवले. फिल्टरच्या गोड पाण्यात खास समुद्री मीठ मोजून घातलं, दोन दिवस पंपाने ढवळलं आणि शनिवारी रात्री खारटपणा मोजायच्या नळीला डोळा लावून पाहिलं. पाणी अगदी समुद्राएवढं खारं झालं होतं. सर समाधानाने झोपले.

सकाळी मदतीला जितेंद्र आला. तो त्याच शाळेत भूगोल शिकवायचा आणि मूळचा सावद्याचा होता. टाकीतलं एकेक प्रवाळ सर दोन्ही हातांनी काढत आणि जितेंद्रने पुढे केलेल्या टबात ठेवत. बाहेर येताच प्रवाळ आपली सगळी बोटं आत ओढून घेई आणि नुसता दगड होऊन बसे.

“सर, हा मेला का हो?” जितेंद्रने विचारलं.

“मेला नाही, भ्यायला. घरातून उचलून टबात टाकलं तर तूही भिशील. तीन-चार तास काही होत नाही.”

मागच्या बाजूने बादल्यांचा खडखडाट आणि बायकांचं बोलणं ऐकू येत होतं. नळ आले असावेत, एवढंच सरांच्या मनात आलं आणि ते पुढच्या कलमाकडे वळले. दिपमालाताई गच्चीवर कुरडया वाळत घालत होत्या, त्यामुळे त्यांनाही पत्ता लागला नाही. टाकी रिकामी झाली. चांगलं निवळलेलं सत्तर लिटर पाणी टबांत राखलं, गाळाचं पाणी फेकलं, जुनी टाकी उचलली, नवी बसवली. साडेनऊ वाजता सर हातात नळी घेऊन मागच्या ओट्यावर गेले. दोन्ही ड्रम काठोकाठ भरलेले होते. सरांनी सवयीप्रमाणे थेंब घेतला आणि नळीला डोळा लावला.

शून्य.

सरांनी नळी पुसली, दुसऱ्या ड्रमचा थेंब घेतला. शून्य. मग त्यांनी बोट बुडवून चाटलं. पाणी गोड होतं, थंडगार होतं आणि प्यायला फार छान होतं.

“आई!”

ताईबाई पदराला हात पुसत आल्या.

“आई, या ड्रममधलं पाणी कुठे गेलं?”

“शियं व्हतं ना भाऊ ते. दोन दिनपाईन पडेल व्हतं. नय उना, मी ताजं भरी ठेवं.”

“शिळं म्हणून ओतून दिलंस?” सरांचा आवाज फाटला.

“पानी कोन्ही वती देस का?” ताईबाईंना खरोखरच राग आला. “शिंदखेडानी शे मी! शियं पानी कूलरले चालस. गल्लीमा बठ्ठासले वाटी दिधं.”

“अगं, निदान चाखून तरी बघायचंस!”

“चाखं ना. खारं लागनं. माले वाटनं बोरिंगनं शे. आमनी बोरिंगबी अशीच शे.”

एकेक पायरी बरोबर आणि उत्तर तेवढं चूक, अशी गणितं सरांनी वहीत हजारो वेळा तपासली होती. पण त्यात कधी जीव टांगणीला लागला नव्हता. हॉलमध्ये टबांत सात वर्षांची प्रवाळं होती, बादलीत दोन मासे होते आणि त्यांना जायला समुद्र नव्हता. समुद्र गल्लीतल्या कूलरांमध्ये फिरत होता. घरात समुद्री मीठ उरलं होतं ते चाळीस लिटरपुरतं. नवीन मागवायचं तर तीन दिवस, आणि टबातल्या पाण्याचं तापमान आत्ताच एकतीस, म्हणजे प्रवाळांना सोसेल त्याच्या काठावर.

बातमी गल्लीत जायला वेळ लागला नाही, कारण गल्लीला आधीच शंका आली होती. समोरच्या कुंदाबाई धावत आल्या.

“सर, आज आमच्या कूलरला काय झालंय हो? यांनी झोपेत ओठ चाटले आणि उठून बसले. म्हणताहेत, गणपतीपुळ्यासारखं वाटतंय!”

“कूलर बंद करा, वहिनी! आधी बंद करा! पत्र्याचा असेल तर गंजेल.”

“तो आधीच गंजलाय. राहू द्या की जरा, पहिल्यांदाच हवा लागतेय अशी.”

जितेंद्र म्हणाला, “सर, कूलरमधलं पाणी परत काढून घेऊ. खारटच आहे ना?”

सरांनी मान हलवली. पत्र्याचा गंज, पंपातलं तांब्याचं वेटोळं आणि दोन वर्षांच्या गवताचा काढा त्यात उतरलेला. माणसाला हवा बरी लागली तरी प्रवाळाला ते विष. दिपमालाताई गच्चीवरून खाली आल्या होत्या. त्यांनी टबात डोकावून पाहिलं. नवऱ्याचा चेहरा त्यांनी लग्नानंतर दोनदाच असा पाहिला होता.

“आई,” त्या शांतपणे म्हणाल्या, “आठवून सांगा, कुणाकुणाकडे पाणी दिलं?”

ताईबाईंना आठवावं लागलं नाही. त्या लिहायला-वाचायला शिकल्या नव्हत्या, पण पाण्याचा एक हंडा त्या विसरत नसत. त्यांनी बोटं मोजत सात घरं सांगितली आणि शेवटच्या बोटावर थांबल्या. “नी दहा बादल्या अभिमन नानास्ना घर. त्यासना मोठा शे, नवा.”

“नवा? म्हणजे प्लॅस्टिकचा?” सर उठून उभे राहिले.

अभिमन नाना गल्लीच्या टोकाला राहत. तलाठी म्हणून निवृत्त झालेले, दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेले. सर आणि जितेंद्र धावत त्यांच्या फाटकाशी आले.

“नाना, कूलर चालू केला का?”

नानांनी पेपर खाली केला. “आज? आज अमावस्या आहे, सर. नवीन वस्तू अमावस्येला सुरू करतात का कुठे? पाणी भरून ठेवलंय. उद्या सकाळी नारळ फोडणार, जावईबापू बटन दाबणार.”

त्या कूलरचं झाकण उघडल्यावर सरांना जे दिसलं, ते त्यांना कधी विसरता आलं नाही. नवीकोरी पांढरी टाकी, कोरड्या जाळ्या, पंप अजून पिशवीत गुंडाळलेला आणि खाली शंभर लिटर नितळ समुद्र. सरांनी थेंब घेऊन नळीला डोळा लावला. सगळं जिथल्या तिथे होतं. अमावस्या पाळणाऱ्या लोकांवर त्यांनी वर्गात आजवर किती विनोद केले असतील, त्यांचे त्यांनाच माहीत. सर नानांच्या पाया पडले.

“अरे, अरे,” नाना गडबडले. “पाणीच तर आहे.”

सत्तर अधिक शंभर अधिक चाळीस. दोनशे दहा. पाच फुटांच्या टाकीत एवढ्याने कमरेइतकं पाणी झालं असतं, पण दगड खाली मांडले तर सगळी प्रवाळं बुडाली असती. आता प्रश्न वेळेचा होता. साडेदहा झाले होते, टबातलं पाणी बत्तिसाला पोचलं होतं आणि गल्लीतून अनवाणी चालणं अशक्य होतं.

पुढचं काम सरांच्या कागदात नव्हतं, आणि ते त्यांनी केलंही नाही. ते ताईबाईंनी केलं. पदर खोचून त्या गल्लीच्या मधोमध उभ्या राहिल्या.

“चला वं बाया, बादल्या ल्या! पहिले घासा, साबन नका लावज्यात! कुंदा, तुन्हा घरना फिल्टरनं पानी आन! ज्यासना घर बरफ शे त्यास्नी बाटल्यास्मा आना, झाकन लाईसन! पानीमा बरफ टाकानं नही!”

आपण मघाशी टबात बर्फाची बंद बाटली सोडली ते आईने कधी पाहिलं, हे सरांना कळलं नाही. पण दहा मिनिटांत नानांच्या दारापासून सरांच्या दारापर्यंत माणसांची रांग लागली होती आणि बादल्या हातोहात पुढे सरकत होत्या. फिल्टरचं पाणी सात घरांतून आलं, त्यात उरलेलं मीठ ढवळलं गेलं. कुंदाबाईंचे यजमान कूलरच्या हवेतून उठून आले होते आणि प्रत्येक बादली पुढे देताना “सांभाळून, समुद्र आहे!” असं ओरडत होते. एक थेंब सांडला नाही. पाणी हंड्याने मोजून वापरणाऱ्या लोकांच्या हातातून पाणी सांडत नाही, हे सरांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

बारा वाजता शेवटचा दगड नव्या टाकीत बसला. मासे सोडले. ते एका कोपऱ्यात एकमेकांना चिकटून थांबले. सरांनी निळा दिवा लावला. आत काहीच हललं नाही. प्रवाळं म्हणजे नुसते करडे दगड, समुद्रफूल म्हणजे चोळामोळा झालेला चिंधीचा गोळा.

“आता?” नानांनी विचारलं.

“आता वाट बघायची. उमललं तर जगलं.”

कुणी घरी गेलं नाही. हॉलमध्ये सतरंजी घातली गेली आणि बारा-पंधरा माणसं काचेसमोर बसली. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. सरांनी डोळे मिटून घेतले. सात वर्षं म्हणजे बाहेरगावी असलेल्या मुलाच्या शिक्षणापेक्षाही जास्त लक्ष दिलेली वर्षं होती, आणि ते हे कुणाजवळ बोलले नव्हते.

“अहो,” दिपमालाताई हळूच म्हणाल्या. “ते बघा.”

हिरव्या प्रवाळाच्या एका कडेला एक जांभळं टोक बाहेर आलं होतं. मग दुसरं आलं, मग दहा, मग सगळीच. समुद्रफूल एकेक बोट सोडवत उघडत गेलं, आणि कोपऱ्यातले दोन मासे सरळ जाऊन त्यात शिरले. करड्या दगडांवर हिरवं, जांभळं, केशरी उमलत चाललं आणि निळ्या उजेडात हलू लागलं. कुंदाबाईंच्या यजमानांनी नकळत हात जोडले होते. दिपमालाताई सात वर्षांत पहिल्यांदा काचेच्या आत पाहत होत्या.

सगळ्यांत पुढे ताईबाई होत्या. त्यांचं नाक काचेला टेकलं होतं.

“भाऊ,” त्या कुजबुजल्या, “हाई हाली राह्यनं.”

“हो आई.”

“जितं शे?”

“हो.”

“नी ते?”

“तेही.”

“बठ्ठं?”

“बठ्ठं, आई.” सरांच्या तोंडून आपोआप घरची बोली निघाली.

“माले वाटे, प्लॅस्टिकना फूलं शेत,” ताईबाई काचेवरून बोट फिरवत म्हणाल्या. “मी सकायपाईन त्या दोन मासास्नाच करता पयी राह्यनू.” त्यांनी टाकीतल्या त्या शेकडो हलणाऱ्या टोकांकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. “मंग भाऊ, इतला जीव… मन्हा हातखाल मरी जातात का रे?”

साडेनऊपासून सरांच्या मनात आईला सुनवायची वाक्यं तयार होती. खारटपणा, तापमान, विचारल्याशिवाय वस्तूला हात न लावणे, सगळं क्रमाने. त्यांनी आईच्या डोळ्यांकडे पाहिलं. खारटपणा मोजायची नळी त्यांच्या खिशातच होती. शनिवारी रात्री तिने काय दाखवलं होतं, हे त्यांना दशांशापर्यंत पाठ होतं.

“नाही आई,” गणिताचे सर म्हणाले. “ते पाणी शिळंच झालं होतं. बदललंस ते बरं केलंस.”

जितेंद्र काहीतरी बोलायला गेला, तेव्हा दिपमालाताईंनी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

ताईबाईंनी डोळे पुसले, पदर सारखा केला आणि त्या सतरंजीवर बसलेल्या सगळ्या गल्लीकडे वळल्या.

“मंग? मी सकायपाईन काय सांगी राह्यनू?” त्या म्हणाल्या. “समिंदर व्हयना म्हनीसन काय व्हयनं? दोन दिनमा तोबी शिया व्हस!”

आणि गल्लीने गंभीरपणे माना डोलावल्या. त्यांत सगळ्यांत आधी प्रेमराज सरांची होती.