इरप्पाअण्णांचा लव्हाळा

इरप्पाअण्णा कुणाच्याही घरी गेले तरी माणसांकडे बघत नसत. तडक मागच्या परसात जात, न्हाणीच्या पाण्यापाशी उकिडवे बसत आणि पटक्यात खोवलेलं वीतभर दाभण बाहेर काढत. उमेदीत ते धान्याच्या आडतीवर पोती शिवायचे. काम सुटलं, दाभण राहिलं. आता त्या दाभणाने ते सोलापुरातल्या आमच्या बोळातल्या घराघरांचा लव्हाळा उपसत. घरमालकाला विचारावं वगैरे त्यांच्या कधी मनात आलं नाही.

लव्हाळ्याचं गवत वरून अगदी गरीब दिसतं. आम्ही पातं धरून उपटायचो आणि हात झटकायचो. अण्णांना ते बघवत नसे. "मास्तर, शेंडा उपटून काय करताय? खाली हाय की त्यो!" खाली म्हणजे मोथा, बोराच्या आठळीएवढा काळा कंद. त्या कंदाला दोरा, दोऱ्याला दुसरा कंद. अण्णा शिवण उसवावी तशी माती उसवत, दोरा न तोडता, खाली खाली जात आणि मोथ्यांची अख्खी माळ माझ्या बायकोपुढे धरत. "वैनी, चुलीत घाला. उकिरड्यावर टाकलं तर परत येतंय ते."

'खाली हाय की' हे त्यांचं पालुपद. एकदा लग्नाच्या पंगतीत ते पाटाखाली वाकून हेच म्हणाले आणि शेजारच्या पाहुण्याने साप समजून दोन्ही पाय वर घेतले. सगळे हसले. मीही हसलो, पण मी मूळचा भित्रा. घरी आल्यावर परसातून चालताना पाय जपून टाकू लागलो.

त्यात रताळ्याचं झालं. बायकोने हौसेने वेल लावला होता. पहिलं रताळं चिरलं तर आतून लव्हाळ्याचा टोकदार कोंब आरपार गेलेला. ती विळी सोडून उठली. अण्णांनी रताळं उन्हात धरून न्याहाळलं आणि हळूच म्हणाले, "बगितलंत? वाट मागत न्हाय त्यो." पुढे कित्येक दिवस आमच्या घरात रताळं आलं नाही.

एवढं वैर, पण स्वतःच्या ओट्यावर त्यांनी रॉकेलच्या डब्यात लव्हाळा लावलेला! रोज पाणी घालायचे, पात्यांना दोरी लावून मापायचे. मी म्हटलं, "अण्णा, चोराला घरात जेवायला घालताय की!" ते हसले नाहीत. "डब्यातला किती वाढला ते बगायचं. तेवडाच तुमच्या परसात बी वाढला समजायचं." पावसाळ्यात डब्याची शिवण फाटून कोंब बाहेर आला, त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत.

त्या वर्षी दसरा तोंडावर आला आणि आमच्या माजघरात उंदीर मरून पडला. प्लेग म्हणजे काय ते बोळाला सांगावं लागत नव्हतं. दोन दिवसांत पलीकडच्या आळीतल्या एकाच्या काखेत गाठ आली आणि आम्ही सगळे गाड्या भरून गावाबाहेर माळावर झोपड्यांत निघालो. माझी मुलगी तेव्हा दीड वर्षाची. तिला छातीशी धरून मी अण्णांच्या दारात उभा राहिलो.

"चला अण्णा."

"तुमी जावा. परतीचा पाऊस पडलाय, आता त्यो उठतोय बगा. म्या हितंच हाय."

"अहो, गवतापायी जीव घालवता का?"

"प्लेगाची सुई टोचून घेतलीय की. घरात निजत न्हाय, वट्यावर निजतो." मान खालीच होती. बोळाने त्यांना वेडं ठरवलं आणि गाड्या हलल्या.

माळावर दिवस जाता जात नव्हते. कुणी खोकलं तरी सगळ्या झोपड्या गप्प व्हायच्या. बायको रोज विचारायची, "अण्णांचं काय झालं असेल हो?" शेवटी एके दुपारी मी निघालो. बोळाच्या तोंडाशी आलो. सगळी दारं बंद, मधोमध दोन मेलेले उंदीर, आणि कुठेच आवाज नाही. एक हाकसुद्धा मारली नाही. मी वळलो आणि जवळजवळ पळतच माळावर आलो. "भेटले अण्णा. बरे आहेत," असं बायकोला सांगितलं. त्या खोटेपणाची मला आजही लाज वाटते.

संक्रांतीनंतर परतलो. अण्णांच्या ओट्यावर कुणी नव्हतं. डबा पालथा पडलेला. मी आमच्या घराचं कुलूप काढलं.

परसाचं दार उघडलं. गुडघाभर लव्हाळ्याची मी तयारी ठेवली होती. एक पातं नव्हतं. माती नुकती उसवलेली, ओलसर. आमच्याच नव्हे, बोळातल्या प्रत्येक घराच्या परसात तसंच. आणि आमच्या न्हाणीपाशी अण्णा उकिडवे बसलेले. निम्मे झालेले, बोटं मातीने फाटलेली.

माझ्या जिवात जीव आला. पायरव ऐकून अण्णांनी मान वर केली. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या तोंडाकडे प्रथमच बघितलं. मग बायकोकडे. मग घाबरून इकडेतिकडे. "पोरगी? पोरगी कुटं हाय?"

मुलगी बायकोच्या पदराआडून पुढे आली. अण्णांनी दाभण खाली ठेवलं.

"मागल्या प्लेगाला आमी दोघं नवराबायको माळावर गेलतो," ते म्हणाले. "परत म्या एकलाच आलो. दार उगडलं तर परसात लव्हाळाच लव्हाळा. ती तुळस लावायची, ती जागा बी दिसंना. वाटलं, हितं कोण ऱ्हातच नव्हतं की. ती बी न्हाई, म्या बी न्हाई." मग म्हणाले, "म्हटलं, ह्या खेपेला परतणाऱ्याला आपलं घर वळकाया यावं."

मला राहवेना. "अण्णा, मी मधे एकदा येणार होतो, पण..."

"आलतासा की. बोळाच्या तोंडाला हुबा होतासा. म्या तुमच्याच भिंतीआडनं बगत होतो." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "आत आला न्हाईत ते लई ब्येस केलंत. पोरगी ल्हान हाय."

त्यांनी मुलीसाठी हात पुढे केले, मग मातीचे म्हणून मागे घेतले. बायकोने मुलीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. मी मात्र मान वर करू शकलो नाही. त्या उसवलेल्या मातीकडे बघत उभा राहिलो.