अक्काचा राखीव खड्डा

आमच्या गावच्या रस्त्याची परीक्षा तांब्या घेतो. खड्डा बुजवून झाला की कलावतीअक्का काठोकाठ भरलेला तांब्या मांडीवर धरून रिक्षात बसते आणि त्यावरून जाऊन येते. लुगडं भिजलं की खाली उतरून एकच शब्द, "उकरा."

भालकी रोडच्या फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता आम्हा बायकांच्या गटाकडे आहे. खड्ड्यात मुरूम भरायचा, पाणी मारायचं, धुमसानं ठोकायचं, कडेची नाली मोकळी करायची. अक्का आमची मुकादम. इथवर ठीक, पण तो तांब्या तिच्या डोक्यातच शिरलाय. शेजारची नवी सून कशी आहे? "सांडत न्हाई." गाणगापूरचा लॉज कसा होता? "लई सांडलं." माझ्या आमटीलाही तिनं एकदा "जरा सांडलंच की" म्हटलं, तेव्हा मी आठवडाभर फुगून बसले होते.

अशा बाईनं स्वतःच्या दारासमोरचा खड्डा मात्र कधी बुजवू दिला नाही. "ऱ्हाऊ द्या ग, त्यो माझा हाय," म्हणायची. आम्ही त्याला अक्काचं शेत म्हणायचो.

मग कळलं, उद्या दुपारी साहेब रस्ता बघायला येणार. एवढा खड्डा दिसला तर गटाचं काम जाणार. मी चिडले.

"अक्का, कामून अडवायलीस?"

अक्कानं धुमसाच्या दांड्यावरची माती पुसली. "सकाळची बस शिवू चालवायलाय. खड्ड्यापाशी गाडी हळू करतंय. तेवढंच त्येचं तोंड दिसतंय."

शिवू तिचा मुलगा. लग्नावरून भांडून भालकीला राहायला गेला, तो परत उंबरा चढला नव्हता. माझा राग कुठल्या कुठे पळाला. खड्डा राहू दे, असंही म्हणवेना.

दुसऱ्या दिवशी उजाडताच अक्कानं स्वतःच मुरूम ओतला. "ठोका ग. सगळ्यांचं काम हाय," म्हणाली. आम्ही गुमान ठोकलं. बसचा आवाज आला तशी ती पाठ फिरवून नाली काढायला वाकली.

रस्ता सपाट झाला होता. तरी बस दारासमोर हळू झाली, आणि थांबलीच. शिवूनं खिडकीतून डोकं काढलं.

"अव्वा, खड्डा कुठं गेला?"

अक्का घरात गेली आणि पाण्याचा भरलेला तांब्या घेऊन आली. त्या गुळगुळीत रस्त्यावरून खिडकीपर्यंत जाईतो निम्मं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं.

"उकरा" असं आमच्यातलं कुणीच म्हणालं नाही.