दिव्याखालची ऊब

गेल्या खेपेला डुकरीण व्याली तेव्हा निम्मी पिल्लं तिच्याच अंगाखाली चेंगरून गेली होती. त्या दुःखात मालकाला कित्येक दिवस घास गोड लागला नव्हता. म्हणून या खेपेला तो हट्टालाच पेटला, एकही पिल्लू जाऊ द्यायचं नाही. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी उपाय सांगितला होता. भिंतीपासून वीतभर सोडून आडवा पाइप बसवायचा, म्हणजे आई आडवी होताना पिल्लांना मागे सटकता येतं. कोपऱ्यात उबेचा दिवा लावायचा, म्हणजे ती आईपासून लांब झोपतात. बायको म्हणाली, वेल्डरला बोलवा. पण मालकाला स्वतःच्या हातांवर भारी भरवसा. वीतभराच्या जागी चांगलं हातभर अंतर पडलं.

पिल्लं झाली, दिवा लागला आणि पिल्लांच्या आधी आईच उबेला जाऊन उभी राहिली. तिला हुसकायला मालक पाइपामागे कोपऱ्यात शिरला. त्याने चुचकारलं, दटावलं, ढकललं. डुकरिणीने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याच्याकडे पोट करून ती पाइपालगत ऐसपैस आडवी झाली. दुधाच्या वासाने सगळी पिल्लं तिथे लोटली. आता पाय उचलावा तर खाली पिल्लू, टेकवावा तर तिथेही पिल्लू. मालक भिंतीला पाठ लावून हळूच खाली बसला.

बायको जेवायला बोलवायला आली आणि बराच वेळ पाठमोरी उभी राहिली. तिचे खांदे तेवढे हलत होते. मग तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, डुकरिणीला अजिबात उठवू नका, पहिलं दूध पोटात जातंय. मालक आत आहेतच, तर अशक्त पिल्लांना तेच आचळाला लावू देत.

मालक दिव्याखाली घामाने निथळत एकेकाला लावत राहिला. एक पिल्लू मात्र गार पडून हातात लुळं लोंबत होतं. ते त्याने सदऱ्याच्या आत छातीशी धरलं. खूप वेळ काहीच नाही. मग त्या पिल्लाने मालकाच्या छातीवरच दूध शोधायला सुरुवात केली.

"अगं," तो हलक्या आवाजात म्हणाला, "हे जगलंय."

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा सगळी पिल्लं धडधाकट होती. पण मालक बाहेर पडताच ती दिवा सोडून पुन्हा आईच्या पायांत घुटमळू लागली. त्यांना तुमचा वास ओळखीचा झालाय, बाई म्हणाल्या, सदरा तिथेच ठेवा.

घामाने, दुधाने आणि पिल्लांच्या मुताने भिजलेला सदरा दिव्याखाली अंथरताच सगळी त्यावर जाऊन एकमेकांना बिलगून झोपली. तेवढ्यात डुकरीणही उबेला आली. तिने सदरा हुंगला, जोरात फुरफुरली आणि तडक पलीकडच्या भिंतीशी जाऊन पडली. त्या कोपऱ्याकडे तिने परत ढुंकूनही पाहिलं नाही.

इतक्या वर्षांच्या नोकरीत इतका खात्रीचा उपाय आपण पाहिला नव्हता, असं डॉक्टरीणबाईंनी कबूल केलं. मालकाची उघडी छाती फुगली.

बायको मात्र डुकरिणीकडे कौतुकाने बघत होती.

"इतक्या वर्षांत मला जमलं नाही ते हिनं केलं बघा," ती म्हणाली. "सरळ उठली आणि दुसरीकडे जाऊन झोपली."