उखाआबांचे मासे

आमच्या चुलतसासऱ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि तोंडात सदानकदा मासे. खायला नव्हे, बोलायला. कोणी लग्नाची पत्रिका द्यायला आलं तरी उखाआबा आधी विचारायचे, "बाकी ऱ्हाऊ दे भो. मासास्ना खर्च कोन देई, ते सांग."

खर्च म्हणजे फळ्या काढायचा. धुळ्याच्या वरच्या अंगाला, पांझरेकाठी आमचं गाव. तिथल्या बंधाऱ्याला पावसाळा सरला की फळ्या लावून पाणी अडवायचं आणि पुराआधी त्या काढायच्या. लावायला सगळं गाव धावायचं, काढायला कोणी नाही. पहिल्या पुरात मासे अंडी घालायला वर चढतात. ते बिचारे फळ्यांवर डोकी आपटून खालीच राहायचे.

मी तेव्हा, म्हणजे त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीत, देवपूरच्या कॉलेजातून बीए होऊन त्या घरात सून म्हणून आलेली. डोक्यावर पदर, पण पदराखाली अक्कल मावत नव्हती. चहा देता देता मी आबांना सुनावलं, "परदेशात माशांसाठी पायऱ्या बांधतात."

आबा गंभीरपणे म्हणाले, "बांध. पन पायऱ्यास्ना खर्च कोन देई?"

पुढे वर्षभर बायका मला नदीवर विचारत, "काय वं, तुना मासा जिना चढनात का?"

पंचायतीत दर उन्हाळ्यात तोच तमाशा. शेतकरी म्हणत, मासे धरणार भोई, भोयांनीच द्यावेत पैसे. भोई म्हणत, चढलेला मासा वरच्या गावाचा, त्यांनी द्यावेत. वरचं गाव म्हणे, फळ्या तुमच्या. पाटबंधाऱ्याचे साहेब म्हणत, माशांसाठी तरतूद नाही.

"मंग मासाज वर्गनी काढतीन का?" आबा ओरडायचे.

सरपंच चिडवायचे, "आबा, तुम्ही तं खातस बी नही."

"म्हनीसन तं बोलस! खानारा बोलना तं तुम्ही म्हनशात, पोटसाठे बोलस."

सगळे हसत, चहा पीत, घरी जात.

एका वर्षी आबा पंचायतीत गेलेच नाहीत. वैशाख सरता सरता त्यांनी स्वतःच्या पैशानं मजूर लावले, पहारी घातल्या आणि फळ्या उपसून काढल्या. उरलंसुरलं पाणी निघून गेलं. आबांचं शेत बंधाऱ्याला लागून, त्यामुळे पहिली वाळली ती त्यांचीच मिरची. गाव त्यांच्याशी बोलेनासं झालं. घरात काकू, आमच्या चुलतसासूबाई, ताट पुढ्यात सरकवून तोंड फिरवायच्या. आबा गप्प झाले. खर्चाचा तो प्रश्नही विचारेनात. कधी नव्हे ते घर शांत झालं.

पूर आला, ओसरला. त्या सकाळी आबा निघून गेले ते दुपारपर्यंत पत्ता नाही. काकू माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "वरल्या गावले गया व्हतीन. जाईसन पाय बरं, पोरी."

मी एसटीनं गेले. आबा सापडले भोईवाड्यात, एका कुलूपबंद घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर. पावसात गळू नये म्हणून तिकडे धाब्यावर खारी माती टाकतात. आबा एकटेच ती पसरत होते.

मी शेजारणीला विचारलं, "हे घर कोणाचं?"

"रामाभाऊनं घर. आबास्ना जिवलग दोस्त. बंधारा बंधाई गया, मासा बंद व्हई गयात, तो पोरंसोरं लिसन सुरतले गया. आबा दर साल माती टाकतस." मग आवाज खाली आणून म्हणाली, "बंधारा बी आबासनीज गावले आनेल शे ना, माय."

समोर नदीच्या उथळ पाण्यात मासे पाठी चमकवत चढत होते. जाळं टाकायला काठावर कोणी नव्हतं. वाड्यातली निम्मी दारं बंद.

"आबा," मी खालून हाक मारली, "रामाकाका येतील का हो परत?"

त्यांनी हातानं माती दाबली.

"धाबं गळाले नको," म्हणाले.

मी पदर खोचला, अंगणातल्या ढिगातून पाटी भरली आणि शिडीच्या दोन पायऱ्या चढून वर धरली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, नुसता हात खाली केला.