खुशालरावांच्या पिस्तुलाची पारख

जुनी वस्तू घेताना माणसानं घाई करू नये. नवी वस्तू फसवायला अजून शिकायची असते; जुनी एका मालकाकडे शिकून आलेली असते. आमच्या अकोटाकडच्या मुलखात हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून आम्ही जुनी वस्तू एकट्यानं कधी घेत नाही. चारचौघांना नेतो, म्हणजे फसलो तरी एकमतानं फसतो.

अमेरिकेत भाऊ भावाशी लढत होते, त्यामुळे आमच्याकडे कापसाला सोन्याचा भाव आला होता. गावात चांदीच्या पट्ट्या ठोकलेल्या गाड्या अकरा होत्या, रस्ता एकही नव्हता. (पट्ट्या चिखलात रुतत. पण रुतली ती चांदी, हे समाधान होतं.)

पोळ्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या खुशालरावांचा. त्यांची जोडी तोरणाखालून आधी जायची, मग बाकीच्या गावाची. त्या साली कापसावर नव्यानं वर आलेल्या वामनरावांनी चावडीवर मुद्दा काढला.

"मान काय तुमच्या बापानं लिहून आणला? आता माह्या गाडीलेबी चांदी हाय."

"चांदी कोणाकडं नाई आता?" खुशालराव म्हणाले. "पोळ्याले तोरणाचा नारळ मी एका गोळीत पाडतो. नाई पडला, तं मान तुहा."

बोलणं होऊन गेल्यावर खुशालरावांच्या ध्यानात आलं, की आपल्याकडे बंदूक नाही. पण अकोल्याचा एक कापूसवाला साहेब विलायतेला निघाला होता, आणि त्याचं निशाणबाजीचं पिस्तूल विकायचं होतं. खुशालरावांनी पारख करायला दोन जाणकार घेतले. पहिले बद्रुद्दीनमियां, अमरावतीच्या बैलबाजारातले दलाल. आमच्या गावच्या गोदाबाईचा बैल त्यांनी दुरूनच बहिरा ठरवला होता आणि तो खरंच बहिरा निघाला. तेव्हापासून त्या बैलाला गिऱ्हाईक नाही. दुसरे सूर्यभान, कापसाचे पारखी. पिस्तूल दोघांनीही पाहिलेलं नव्हतं, म्हणजे मनात पूर्वग्रह नव्हता. मी गाडी हाकायला होतो. (अक्षरं मी उतारवयात शिकलो. बैलाचे दात त्याआधीपासून वाचतो.)

बंगल्यावर खानसामा अब्दुल गफ्फार यानं पेटी उघडली आणि पारख शास्त्रोक्त सुरू झाली.

पेटीला आतून मखमल होती. सूर्यभाननं तिची लव चिमटीत ओढून उन्हात धरली. "धागा लांब हाय," तो म्हणाला. माल चांगला असल्याचा हा पहिला पुरावा.

बद्रुद्दीनमियांनी पिस्तुलाच्या पाठीवरून हात फिरवला. बैलाच्या पाठीवर अशुभ मानतात तसा भोवरा नव्हता. मग त्यांनी नळीच्या तोंडात डोळा घातला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आतून ओरबाडलेलं हाय, राव. चरेच चरे."

"चरे मुद्दाम पाडतात, मियां," खानसामा म्हणाला. "त्यानं गोळी सरळ जाते."

आम्ही एकमेकांकडे पाहून हसलो. लंगड्या बैलाचा मालकही 'त्याची चालच डौलदार आहे' असंच सांगतो.

मग चाप पाहिला. बोट लागायच्या आतच तो सुटायचा. बद्रुद्दीनमियां खूश झाले. "गरीब जनावर हाय. पराणीची आर टोचाच नाई लागत, इशाऱ्यावर चालते."

"राव, एक गोळी झाडून तरी बघा," खानसामा म्हणाला.

"झाडून?" खुशालराव दचकले. "काहून? मंग ते आनखी जुनं नाई होणार?"

बैल घेताना गाडीला जुंपून पाहतात. पिस्तूल जुंपता येत नाही, म्हणून हे कलम सर्वानुमते गाळलं. मियांनी आणि खानसाम्यानं रुमालाखाली हात घातले, बोटं दाबली, भाव ठरला. गावी आल्यावर खुशालरावांनी पहिलं काम हे केलं, की लोहाराकडून नळीतले चरे घासून काढले. नळी आतून आरशासारखी झाली. वामनराव पाहायला आले, नळीत डोळा घातला आणि तडक घरी गेले. पारखीचा याहून मोठा दाखला नाही.

पोळ्याला सगळं गाव लोटलं. शिंगं रंगवलेल्या, झुली घातलेल्या जोड्या तोरणासमोर रांगेनं उभ्या. नारळ लावलेल्या तोरणाचा एक दोर निंबाला बांधला होता, दुसरा माझ्या हातात होता. खुशालरावांनी दारू ठासली, गोळी घातली, देवाचं नाव घेतलं आणि पिस्तूल वर उचलू लागले. पिस्तूल गरीब होतं. उचलायच्या इशाऱ्यावरच चाललं.

आवाज झाला. रांगेतले बैल उधळले. खुशालरावांची जोडी नाल्याकडे, वामनरावांची उसात, बाकीचं गाव त्यांच्यामागं. धूर विरला तेव्हा नारळ जागेवर होता, आणि तोरणासमोर एकच बैल उभा होता. गोदाबाईचा. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि तोरणाखालून संथपणे घरी निघाला.

वर्षभरात पहिल्यांदाच खुशालराव आणि वामनराव एका सुरात ओरडले, "हे चालणार नाई! बैल बहिरा हाय!"

"बहिरा हाय म्हणूनच गेला," गोदाबाई म्हणाली. "तुमच्या जोड्याईले आयकू आलं, तं त्या कुठं हायेत, पाहा जा."

पंचांनी मान गोदाबाईला दिला. पिस्तूल आता खुशालरावांच्या बैठकीत खुंटीला असतं. पाहुणे ते खाली काढतात, तोलतात, नळीत डोकावतात आणि 'वस्तू चोख आहे' म्हणतात.

ही हकीकत ऐकून झाली की प्रत्येक जण मला एकच विचारतो: "केवढ्याले पडलं?" तुमच्याही ओठांवर तेच आहे. मला ठाऊक नाही. भाव रुमालाखाली ठरला.

गोळी कुठं गेली, हे मात्र आजवर कोणी विचारलं नाही. विचारलं असतं, तर मी माझं पागोटं उतरवून दाखवलं असतं. भोक अजून आहे.