विषय : डोके उपलब्ध करून देण्याबाबत

आमचे शेजारी कऱ्हाळे सर यांच्या डोक्यावर एकही केस नाही आणि त्यांचा निवृत्तीचा सगळा वेळ शाम्पू तयार करण्यात जातो. ही विसंगती मी लेखी स्वरूपात त्यांच्या निदर्शनास आणून दिली होती. त्याच कागदाच्या पाठीवर उत्तर आले : "हलवायाला मधुमेह असू शकतो. बराबर?"

'बराबर' हा सरांचा पूर्णविराम आहे. शाळेत विज्ञान शिकवताना तो त्यांना जडला, आणि समोरचा 'व्हय' म्हणेपर्यंत ते पुढच्या वाक्याला हात घालत नाहीत. मी दिवाणी न्यायालयात नाझर होतो. कागद पाहिल्याशिवाय कोणत्याही गोष्टीस होकार देण्याची मला सवय नाही. परिणामी आमचे संभाषण फार लांबते.

वसमतला आमच्या दोघांच्या घरांमध्ये एक भिंत आहे. ती माझ्या मालकीची आहे. खरेदीखत माझ्याकडे आहे. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी सकाळी अकरानंतर यावे. या भिंतीवर सर आपल्या शाम्पूच्या वड्या वाळत घालतात. बाटलीतला पातळ शाम्पू नव्हे, चांगल्या घट्ट, गोल, हिरवट वड्या. त्याविरुद्ध मी त्यांना नऊ नोटिसा दिल्या. नऊही त्याच दिवशी परत आल्या, मागे उत्तर आणि कोपऱ्यात हळदीचा डाग.

डागाचे कारण असे. वसमतला हळदीला तोटा नाही. सर हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवतात, त्याच्या पट्ट्या कापून खिशात ठेवतात आणि कोणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी न्हाणीघर विचारतात. तिथल्या ओल्या साबणाला पट्टी लावली की पिवळ्याची लाल होते. मग बाहेर येऊन ते यजमानाला गंभीरपणे सांगतात, "लाल झालं. हे तुमी रोज डोक्याला लावून राहिले." एका सत्यनारायणाच्या पूजेत त्यांनी हे केले, तेव्हा भटजींनी पोथी थांबवून आपलाही साबण तपासण्याविषयी विचारणा केली.

मी चाळीस वर्षे एकच साबण वापरतो. सरांनी तो आमच्या सौभाग्यवतींकडून परस्पर मागून नेला आणि माझ्याच सहाव्या नोटिशीला हळदीचे पाणी लावून तिच्यावर तपासला. माझी सही लाल झाली. दस्तऐवजाशी छेडछाड केल्याबद्दल मी सातवी नोटीस दिली आणि तीत त्यांच्या वडीचा उल्लेख 'साबण' असा केला. त्यावर मात्र सर स्वतः भिंतीपाशी आले.

"साबण न्हाई तो, नाझरसाहेब."

"मग काय आहे? व्याख्या सांगा."

"साबण म्हणजे तेल आणि क्षार एकत्र शिजवून केलेली वस्तू. आपल्या टाळूची कातडी किंचित आंबट. तिला क्षार सोसत न्हाई. बराबर?"

मी व्याख्या लिहून घेतली, आणि तोच त्यांनी होकार धरला.

"त्यात आपलं बोअरचं पाणी जड. साबण आणि जड पाणी भेटलं की फेस कमी, चिकटाच जास्ती. तो केसावर बसतो. मग केस राठ होतात, गुंता होतो."

"आणि आपली वडी?"

"हिच्यातली फेसाची पूड खोबरेल तेलापासूनच काढलेली, पण ती जड पाण्याशी भांडत न्हाई. वरून शिकेकाई, रिठा, जास्वंदीची पानं, जरासं एरंडेल. आणि लिंबाचं सत्त्व, आंबटपणा डोक्याला मानवावा म्हणून. पट्टी लावून बघा, पिवळीची पिवळी राहते. बाटलीतल्या शाम्पूत बहुतेक पाणीच. आता पाणी काहून विकत आणायचं? वडीत पाणी न्हाई म्हणून बाटली न्हाई, सांडासांड न्हाई. कोरडी ठेवली तर लई दिवस पुरते."

मुद्देसूद निवेदन होते, हे मला मान्य करावे लागेल. परंतु त्याचा भिंतीशी काही संबंध नव्हता, म्हणून आठवी नोटीस गेली.

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या त्या आठवड्यात सर पुन्हा आले आणि म्हणाले, "नाझरसाहेब, तुमचं डोकं पाहिजे."

वयाच्या बाहत्तराव्या वर्षीही माझे केस दाट आहेत. त्यांचा प्रयोगासाठी वापर होऊ देण्यास मी नकार दिला. आमच्या सौभाग्यवती आतून म्हणाल्या, "द्या की हो. नोटिसा लिहायला हात लागतो, डोकं कुठं लागतं?" मी तीन मुद्द्यांचा लेखी नकार तयार केला. सरांनी तो वाचला, उलटून पाठीवर काहीही लिहिले नाही, आणि तिथेच पायरीवर बसले.

हिंगोली-वाशीम रस्त्यावर, कनेरगाव नाक्याच्या अलीकडे, मुलींचे एक वसतिगृह आहे. सर दर शनिवारी तिथे विज्ञान शिकवायला जातात. बोअरचे पाणी आमच्यासारखेच जड, आणि मुली डोके धुतात ते कपड्याच्या साबणाने. केसांचे दोर होतात, उवा पडतात. सुट्टीनंतर सगळ्या मुलींचे केस कानापर्यंत कापायचे, असे तिथल्या गृहपाल बाईंनी ठरवले होते.

"वडीनं उवा मरत न्हाईत," सर म्हणाले. "उवा फणीनं निघतात. पण गुंत्यात फणी चालत न्हाई. बाई म्हणल्या, जड पाण्यात, दाट केसात फणी सरळ चालवून दाखवा, मग बघू. गल्लीत सगळ्यात जड बोअर तुमचं, आणि सगळ्यात दाट डोकं बी तुमचंच."

माझा संताप अनावर झाला. कापायचे ते कोणत्या नियमान्वये? पालकांची लेखी संमती कोठे आहे? बहुतेक मुली मेंढपाळांच्या घरच्या. त्यांच्याकडे मेंढराची लोकर कातरतात तीसुद्धा हंगाम पाहून. मी लेखी नकार फाडला. माझ्या हयातीत मी फाडलेला तो पहिला कागद.

पुरावा निर्दोष असावा म्हणून मी आधी आठ दिवस कपड्याच्या साबणाने डोके धुतले. नवव्या दिवशी सौभाग्यवतींनी फणी घातली, ती कानामागे अडकली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आले. त्याची नोंद केली. पुढचे आठ दिवस सरांनी आमच्या ओट्यावर, आमच्याच बोअरच्या पाण्याने, वडी चोळून माझे डोके धुतले. हात हलका होता. शेवटच्या दिवशी फणी कपाळापासून मानेपर्यंत एका दमात उतरली. सौभाग्यवतींनी 'समक्ष' लिहून सही केली.

सर तांब्या भरायला वाकले, तेव्हा त्यांचे डोके प्रथमच माझ्या डोळ्यांखाली आले. या धावपळीत त्यांचा रविवारचा न्हावी चुकला होता. सबंध डोक्यावर पांढरे खुंट उगवले होते. अगदी दाट.

"सर, आपल्याला टक्कल नाही."

त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"मागं एका निवासी शाळेत प्रभारी मुख्याध्यापक होतो," ते म्हणाले. "असाच कागद समोर आला. उवा झाल्या, केस कापा. मी सही केली. मथुरा नावाचं लेकरू होतं, औंढ्याच्या पल्याड मेंढरं घेऊन फिरणाऱ्या वस्तीवरचं. विज्ञानात पहिली. डोक्याला फडकं बांधून सणाला घरी गेली, ती आलीच न्हाई. मी वस्तीवर गेलो तर कळप पुढं निघून गेला होता. वापस येताना न्हाव्याला म्हणलं, माझं बी काढ. तवापासून दर रविवारी."

ते 'बराबर' म्हणाले नाहीत. तरीही मी "हो" म्हणालो.

सौभाग्यवतींच्या सहीचा अहवाल आणि माझे पाच पानी पत्र पोचपावतीसह वसतिगृहाला गेले. उन्हाळ्यापर्यंत केसांना कात्री लागणार नाही आणि प्रत्येक मुलीस एक वडी व एक फणी द्यावी, असे गृहपाल बाईंचे उत्तर आले. आता आमची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवी असते. तशी लेखी परवानगी मी दिली आहे.

त्यानंतर मी दहावी नोटीस लिहिली. विषय : दर रविवारच्या हजामतीबाबत. "जन्मठेपेच्या कैद्याचाही सुटकेचा अर्ज ऐकला जातो. आपण स्वतःस दिलेल्या शिक्षेत अशी तरतूदच नसल्याने ती सदोष आहे. सबब वस्तरा तत्काळ थांबवावा व आपली वडी आपल्याच डोक्यावर वापरून पाहावी. कसूर झाल्यास भिंतीची परवानगी रद्द समजावी."

ही नोटीस त्या दिवशी परत आली नाही. तिसऱ्या दिवशी आली. मागे एकच ओळ होती : "दोन रविवारांची मुदत मिळावी." मी मंजूर केली.

तिसऱ्या रविवारी न्हावी आला. सरांनी त्याला चहा दिला, त्याच्या दाढीच्या साबणाला पट्टी लावली, ती लाल झाल्याचे दाखवले, आणि पेटी न उघडताच त्याला वाटेला लावले.

परवा सकाळी मी भिंतीपाशी उभा होतो. पलीकडे सर आपल्या ओट्यावर बसून वडी डोक्याला लावत होते. केस बोटाच्या अर्ध्या पेराएवढे. फेस कपाळावरून ओघळत होता, डोळे मिटलेले होते आणि हात चालतच होता. एवढ्याशा केसांना इतका वेळ लागत नाही. ही गोष्ट मी त्यांच्या निदर्शनास आणून दिली नाही.