घशातल्यांची तहकूब सभा

रंगराव मगदूमांच्या घशातल्या जंतूंनी मंगळवारी सकाळी ग्रामसभेची नोटीस काढली आणि रीतीप्रमाणे पडजिभेवर डकवली. रंगरावांनी आ केला आणि त्यांच्या बायकोनं, सुलोचनाबाईंनी, टॉर्च धरून ती मोठ्यानं वाचली. विषय एक, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. विषय दोन, लोखंडटंचाईवर चर्चा. विषय तीन, विषाचं कोठार उघडण्यास मंजुरी देणे. विषय चार, अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळी येणारे विषय. सभा उद्या सकाळी दहा वाजता.

"नोटीस उशिरा काढलीया," रंगराव तोंड मिटून म्हणाले. "आठ दिस आधी काढाय पायजे."

"त्येंना कोण सांगणार?" सुलोचनाबाई म्हणाल्या. "तुम्ही आधी डॉक्टरीणबाईंकडं चला."

परवा, गुरुवारी, चिंचण्याच्या जत्रेचं कुस्ती मैदान होतं आणि माईकवर रंगराव असणार होते. रंगरावांचा आवाज म्हणजे असा, की पार नदीपलीकडच्या उसात तण भांगलणारी बाई ताठ उभी राहायची. पण यंदा त्यांचा घसा धरल्याचं ऐकून जत्रा कमिटीनं शेजारच्या तालुक्यातल्या एका पोराला हळूच विचारून ठेवलं होतं. त्याचा आवाज बरा होता, पण डावांतला पट कुठला नि ढाक कुठली हे त्याला कळत नव्हतं. तरी माईक एकदा हातातून गेला की परत येत नाही, हे रंगरावांना पक्कं ठाऊक होतं. त्यांना भीती वाटत होती, आणि ती त्यांनी बायकोपासून लपवलीही नाही.

डॉक्टर शेटेबाईंनी नोटीस दोनदा वाचली आणि रीतसर आहे म्हणाल्या.

"कोठार कुणालाही वाटेल तेव्हा उघडता येत नाही," त्यांनी समजावलं. "अंगाची ऊब लागते. लोखंडाची टंचाई लागते. ती आहेच, कारण शरीर लोखंड दडवूनच ठेवतं, जुना शिरस्ता आहे. आणि गणपूर्ती लागते. एकट्यादुकट्या जंतूनं विष काढलं तर शरीराचे शिपाई त्याला जागच्या जागी गिळतील. म्हणून पुरेसे जमेपर्यंत ते अगदी सज्जनासारखे बसतात."

"आन् पुरेसे जमले हे कळतं कसं? हजेरी कोण घेतंय?"

"प्रत्येकजण आपापला एक वास सोडतो. वास दाट झाला की गणपूर्ती झाली."

"मग वासच धुवून काढला तर?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

शेटेबाईंनी चष्मा काढला. "मी गोळ्या देते, पण त्या लागू पडायला दोन दिवस जातील. तोवर तुमचंच करून बघा."

बुधवारी दहाच्या ठोक्याला सुलोचनाबाईंनी मीठ-हळदीच्या कोमट पाण्याचं पातेलं पुढ्यात ठेवलं. रंगराव गुळण्या करत सुटले. आत वास जमायचा, की लगेच पाण्याबरोबर मोरीत. अखेर जंतूंचे सरपंच गोलाप्पा यांचा आवाज आला. जंतूंचा आवाज ऐकणाऱ्याच्या कानाच्या आतल्या बाजूनं येतो, त्यामुळे वळून बघावं लागत नाही.

"गणपूर्तीअभावी सभा अर्ध्या तासासाठी तहकूब करण्यात येत आहे."

सुलोचनाबाईंनी टाळी वाजवली आणि शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला. रंगराव मात्र पातेल्याशेजारी मटकन बसले.

"काय झालं वो?"

"तहकूब सभेला गणपूर्ती लागत न्हाई," रंगराव घोगऱ्या आवाजात म्हणाले. पंचायतीत सदस्य असताना आपल्या बोळातल्या गटाराचा ठराव त्यांनी असाच पास करून घेतला होता. गावच्या राजकारणात शिकलेली विद्या आता त्यांच्याच गळ्याशी आली होती. "आता चौघं बसले तरी कोठार उघडंल."

मग काहीतरी करायला हवं म्हणून त्यांनी घसा खाकरला आणि अध्यक्षांची परवानगी मागितली. घसा माझा, म्हणजे मीही इथला रहिवासी, मला बोलायचा हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. गोलाप्पांनी थोडा विचार करून त्यांचं बोलणं ऐनवेळच्या विषयात घेतलं.

"सरपंच, माझं चुकलं काय ते तरी सांगा. माझ्या घशात एवढी वर्सं सुखानं ऱ्हायलासा. आत्ताच कोठार कशाला?"

आत बराच वेळ कुजबुज झाली.

"रंगराव, तुम्ही मैदानात आमदारांचं नाव घेतासा," गोलाप्पा म्हणाले. "आमदारांच्या मेव्हण्याचं घेतासा. पाण्याचा टँकर देणाऱ्याचं, मंडपवाल्याचं घेतासा. मागल्या साली कुणाचा तरी पाव्हणा नुसता रस्ता चुकून आला हुता, त्येलाबी फेटा बांधलासा. आन् ज्या घशातनं ही सगळी नावं निघत्यात, तिथल्या मंडळीचं नाव? लोखंडाचं काय न्हाई, ते आमी सोसतो. मानपान चुकल्याला सोसत न्हाई."

रंगरावांचा चेहरा उतरला. खरंच राहून गेलं होतं. लग्नात व्याह्यालाच जेवायला बोलवायचं राहावं तसं त्यांना वाटलं. त्यांनी तिथंच शब्द दिला. विषय तीन पुढील सभेपर्यंत स्थगित ठेवण्यात आला, आणि शिरा दोघांनीही चमचाभर जास्तच खाल्ला.

गुरुवारी आखाड्याभोवती मुंगीला वाट नव्हती. कमिटीचे अध्यक्ष आनंदराव परीट यांनी सत्काराची नावं सांगितली. रंगरावांनी माईक हाती घेतला आणि सगळ्यात आधी गरजले, "आपल्या घशात वास्तव्यास असलेले सरपंच गोलाप्पा आणि समस्त ग्रामस्थ यांचं चिंचणे जत्रा कमिटीतर्फे हार्दिक स्वागत!"

आवाज नदीपार गेला.

"आमदारांच्या आधी?" आनंदराव कानात पुटपुटले.

"आमदार पाव्हणे हाईत. ही घरची माणसं."

ते आनंदरावांना पटलं. त्यांनी नारळ आणि घडी घातलेला गुलाबी फेटा घेतला, रंगरावांनी आ केला, आणि आनंदरावांनी दोन्ही वस्तू तोंडासमोर धरून मनापासून नमस्कार केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी शिट्टीही मारली. मग कुस्त्या लागल्या आणि शेवटच्या जोडीपर्यंत रंगरावांचा आवाज एकदाही चिरकला नाही. शेजारच्या तालुक्यातला पोरगा भजी खाऊन परत गेला.

घरी आल्यावर सुलोचनाबाईंनी टॉर्च धरला. पडजिभेवर नवा कागद होता. त्या वाचू लागल्या आणि पहिल्याच ओळीला थबकल्या.

"गणपूर्ती हाय म्हणं. सगळे हजर हाईत."

रंगरावांनी डोळे मिटून घेतले. "आन् ठराव?"

"श्री. रंगराव मगदूम यांनी मैदान गाजवल्याबद्दल सभा त्यांचं अभिनंदन करते. ठराव सर्वानुमते मंजूर." त्यांनी टॉर्च जवळ नेला. "खाली बारीक अक्षरात लिवलंय, पुढल्या साली फेटा भगवा असावा."

"बांधू की," रंगराव म्हणाले.

सुलोचनाबाईंनी टॉर्च बंद केला आणि गुळण्यांचं उरलेलं पाणी मोरीत ओतून दिलं.